माती उकरणाऱ्या बेडकाची कुळकथा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला, कीं त्याच रात्रीं सोलापूरच्या भोंवतालच्या माळावर आणि शेतांच्या बांधांकडेला बेडकांचा एकच गजर सुरू होतो. आदल्या दिवसापर्यंत तेथें ओलाव्याचा टिपूसहि नसतो. वाटा फुफाट्यानें भरलेल्या असतात, काळ्या रानाला हात हात खोल भेगा पडलेल्या असतात, आणि नाल्यांत वाळूशिवाय कांहीं दिसत नाहीं. मग एका रात्रींत हे शेंकडों बेडूक आले कोठून? हा प्रश्न प्रत्येक पिढींतल्या मुलांनीं विचारला आहे. आणि पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्यांनीं त्याचें एकच उत्तर दिलें आहे, तें असें कीं, हे बेडूक पावसाबरोबर आभाळांतून पडतात.

उत्तर सोपें आहे, मुलाचें समाधान करणारेंहि आहे. परंतु तें खरें नाहीं. हे बेडूक वरून पडलेले नसून खालून वर आलेले असतात. ज्या जमिनीवरून आपण उन्हाळाभर जोडे वाजवीत चालत असतों, त्याच जमिनीखालीं हा आपला शेजारी महिनेच्या महिने निमूटपणें बसलेला असतो.

अशा बेडकांपैकीं एका विशिष्ट घराण्याविषयीं आज मी बोलणार आहें. शास्त्रज्ञांनीं या प्रजातीला ‘स्फेरोथेका’ असें नांव दिलें आहे. आजच्या भाषणापुरतें मी त्याला ‘खणक बेडूक’ म्हणेन. मी कांहीं प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारें आयुष्य वर्गांत घालविलेला एक मास्तर आहें. मात्र हजेरीपटावर नांवें लिहिण्याचें काम मीं इतकीं वर्षें केलें आहे, कीं नांवें कशीं पडतात, कशीं बदलतात, आणि भलत्याच तुकडींत नांव पडलें म्हणजे काय घोटाळा होतो, हें मला थोडेंबहुत ठाऊक आहे. आजची कथा बरीचशी नांवांचीच आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. खणक बेडूक फार मोठा नसतो. पूर्ण वाढलेला सुमारें दोन इंच लांबीचा भरतो. डोकें आंखूड व रुंद, अंग गोलसर व गुबगुबीत, आणि मागचे पाय बेडकाच्या मानानें तोकडे. तळ्यांतला मोठा बेडूक जशी लांब झेप घेतो, तशी याला साधत नाहीं. हा लहान लहान उड्या मारीत जातो. रंग मातीसारखा तपकिरी आणि त्यावर गडद ठिपके. सहज पाहणारा मनुष्य त्याला चटकन् ओळखणारहि नाहीं. परंतु त्याचें मागचें पाऊल उलटून पाहिलें, तर आंतल्या बाजूस, सर्वांत लहान बोटाच्या मुळाशीं, एक कठीण, चपटी, धारेची गांठ दिसते. हें त्याचें हत्यार. त्याला कोणी कुदळ म्हणतील, कोणी फावडें म्हणतील. मला तें खुरप्यासारखें वाटतें.

या खुरप्यानें तो खणतो कसा, तें पाहण्यासारखें असतें. मनुष्य खणतो तो समोर पाहून. हा बेडूक खणतो तो पाठीमागें. भुसभुशीत मातीवर बसून तो मागचे पाय आळीपाळीनें बाजूस रेटतो, माती कापून दूर लोटतो, आणि अंग किंचित् फिरवीत फिरवीत मागच्या मागें खालीं उतरतो. आधीं कंबर जाते, मग पोट, मग खांदे. सर्वांत अखेरीस मातीच्या पातळीवर दोन डोळे तेवढे उरतात, आणि तेहि दिसेनासे होतात. माती वरून आपोआप ढांसळते आणि भोंक बुजून जातें. उंदराच्या किंवा खेकड्याच्या बिळाला तोंड असतें, येण्याजाण्याची वाट असते. याच्या घराला दार नाहीं. घर म्हणजे अंगाभोंवतीं लपेटून घेतलेली माती.

बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. त्याची कातडी पातळ असते, आणि तिच्यांतूनच तो ओलावा शोषून घेतो. हाच त्याचा मोठा गुण आणि हीच त्याची मोठी अडचण. ज्या कातडींतून पाणी आंत येतें, त्याच कातडींतून उन्हाच्या वेळीं तें बाहेरहि जातें. चैत्र-वैशाखाचें सोलापूरचें ऊन उघड्यावर बसलेल्या बेडकाला कांहीं तासांतच सुकवून टाकील. म्हणून त्याला दोनच मार्ग उरतात : बारमाही पाण्याचा आश्रय करणें, किंवा ओल असेल तेथपर्यंत जमिनींत उतरणें. आपल्या खणक बेडकानें दुसरा मार्ग पत्करला. जमिनीखालीं तो हालचाल थांबवितो, श्वास मंद करतो, आणि पावसाळ्यांत खाऊन सांठविलेल्या चरबीवर दिवस काढतो. या स्थितीला ग्रीष्मनिद्रा म्हणतात.

पाऊस पडला कीं ही निद्रा संपते, आणि त्यानंतर त्याची सारी धांवपळ सुरू होते. आपल्या जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें ५५० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारें २२ इंच. आणि त्यांतहि मोठा वांटा सप्टेंबरांत पडतो. मृगाच्या सरीनंतर कित्येकदां लांबलचक उघडीप मिळते. खणक बेडूक नदींत किंवा मोठ्या तलावांत अंडीं घालीत नाहीं. सखल जागेंत सांचलेलें तात्पुरतें पाणी तो पसंत करतो. अशा डबक्यांत मासे नसतात, ही मोठी सोय. परंतु तें डबकें आटण्यापूर्वीं अंडीं फुटून, शेपटीवाल्या पिलांना पाय फुटून, तीं जमिनीवर आलीं पाहिजेत. ज्याला शास्त्रग्रंथांत भैकेर म्हणतात, त्या या पिलांची शर्यत उन्हाशीं असते. उघडीप आठ दिवसांनीं लांबली, तर एका डबक्यांतली सारी पिढी चिखलांत वाळून जाते. वेळेवर सर आली, तर तीच पिढी माळभर पसरते. आपल्या शेतकऱ्याचें नशीब आणि या बेडकाचें नशीब एकाच पावसाच्या हातीं आहे.

आतां नांवांकडे वळूं. प्राण्यांना दोन शब्दांचें नांव देण्याची आजची पद्धति स्वीडनच्या लिनीअसच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या पटावर आम्ही आधीं आडनांव लिहितों आणि मग मुलाचें नांव, तसेंच हें. आडनांवावरून घराणें कळतें, नांवावरून व्यक्ति कळते.

आपल्या खणक बेडकाचें नांव या पटावर प्रथम चढलें तें १७९९ सालीं. नांव देणारे योहान गोटलोब श्नायडर हे जर्मन विद्वान् भारतांत कधीं आले नव्हते. त्यांची मोठी कीर्ति ग्रीक भाषेच्या कोशकाराची. परंतु प्राण्यांचाहि त्यांना तितकाच नाद होता. भारतांतून युरोपांत गेलेल्या नमुन्यावरून त्यांनीं वर्णन लिहिलें आणि ‘राना ब्रेव्हिसेप्स’ असें नांव ठेवलें. ‘राना’ म्हणजे लॅटिनमध्यें बेडूक, आणि ‘ब्रेव्हिसेप्स’ म्हणजे आंखूड डोक्याचा. त्या काळीं जगांतले बहुतेक बेडूक या एकाच ‘राना’ नांवाच्या धर्मशाळेंत उतरत असत.

पुढें १८५३ सालीं मद्रासच्या सैन्यांतील शल्यवैद्य टॉमस जर्डन यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. जर्डन यांनीं प्राणी प्रत्यक्ष रानांत पाहिले होते, आणि तें त्यांनीं दिलेल्या नांवांवरूनच दिसतें. एकाला त्यांनीं ‘प्लुव्हिआलिस’ म्हटलें, म्हणजे पावसाचा. दुसऱ्याला ‘फोडिएन्स’ म्हटलें, म्हणजे खणणारा. कोशकारानें डोक्याकडे पाहून नांव ठेवलें. रानांत हिंडणाऱ्यानें त्याची ऋतु आणि त्याचा उद्योग पाहून ठेवलें. त्यानंतर सहा वर्षांनीं, १८५९ सालीं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील आल्बर्ट ग्युंटर यांनीं ‘स्फेरोथेका’ ही प्रजाति स्थापन केली. ग्रीक भाषेंत ‘स्फेअरा’ म्हणजे गोल आणि ‘थेका’ म्हणजे पेटी अथवा कोश.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्यांच्या दारीं गुलाब आहे किंवा परसांत काकडी-भोपळ्याचे वेल आहेत, त्यांना पानांवर पसरणारा पांढरा भुरी रोग माहीत असेल. तो रोग आणणाऱ्या एका बुरशीच्या प्रजातीलाहि ‘स्फेरोथेका’ असेंच नांव पूर्वीं देण्यांत आलें होतें. त्या बुरशीची गणना हल्लीं दुसऱ्या प्रजातींत करतात. वनस्पति व बुरशी यांचा पट निराळा आणि प्राण्यांचा निराळा, त्यामुळें असें घडूं शकतें. बुरशी आणि बेडूक यांचें नांव एक झालें, म्हणून नातें जडलें नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढचा मोठा घोटाळा याच जातीचा आहे. फरक इतकाच, कीं तेथें नांव सारखें नसून हत्यार सारखें होतें.

तो घोटाळा असा. ग्युंटर यांनीं स्थापिलेल्या प्रजातीला शास्त्रज्ञांनीं लगेच मान्यता दिली नाहीं. जॉर्ज बुलेंजर यांनीं १८९० सालीं हिंदुस्थानांतील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवर जो प्रमाणग्रंथ लिहिला, त्यांत हा बेडूक पुन्हां ‘राना’ या जुन्या धर्मशाळेंतच मुक्कामाला आहे. कोणी त्याला आफ्रिकेंतल्या ‘पिक्सिसेफॅलस’ या प्रजातींत घातला. पुढें विसाव्या शतकांत त्याची रवानगी ‘टोमोप्टेर्ना’ या प्रजातींत झाली, आणि तेथें तो पुष्कळ वर्षें राहिला. ‘टोमोप्टेर्ना’ याचा ग्रीक अर्थच मुळीं ‘कापणाऱ्या टाचेचा’ असा आहे. आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशांत असा एक लहान, जाडजूड, टाचेजवळ खुरपें असलेला बेडूक आहे. मादागास्कर बेटावरहि तसाच एक आहे. आणि आपल्याकडेहि आहे. तिघांचें अंग सारखें, पाय सारखे, खुरपें सारखें आणि उद्योगहि सारखा. तेव्हां तिघांचें घराणें एक, असें मानण्यांत आलें.

आतां सोलापूरकर श्रोत्यांना मी एक प्रश्न विचारतों. आपल्या गांवांत धोटा चालविणारे सारे हात एकाच कुळांतले आहेत काय? तेलंगणांतून आलेले पद्मशाली आहेत, कोष्टी आहेत, साळी आहेत, मोमीन आहेत. सारे मागावर बसतात, साऱ्यांच्या खांद्यांना आणि बोटांना एकच वळण पडतें, एकाच उद्योगानें एकाच पद्धतीचे घट्टे पडतात. परक्या मनुष्यानें नुसते हात पाहून ‘हे सारे भाऊभाऊ’ असें लिहून नेलें, तर आपण हंसूं. उद्योग शरीराला आकार देतो. परंतु उद्योगावरून वंश ठरत नाहीं. बेडकांच्या बाबतींत नेमकें हेंच झालें होतें. कोरड्या मुलखांत राहून माती उकरावयाची, तर पाय तोकडा, अंग गोल आणि टाचेशीं खुरपें हीच रचना उपयोगी पडते. म्हणून निरनिराळ्या खंडांत, निरनिराळ्या घराण्यांतल्या बेडकांत ती स्वतंत्रपणें उत्पन्न झाली.

याचा पुरावा पाहण्यासाठीं आफ्रिकेपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्याच मुलखांत ‘युपरोडॉन’ नांवाचा दुसरा एक खणणारा बेडूक आहे. त्याचें अंग फुग्यासारखें फुगीर, कातडी गुळगुळीत, तोंड इवलेंसें, आणि त्याच्या मागच्या पायाला तर एक सोडून दोन खुरपीं. तोहि मागच्या मागें मातींत उतरतो, तोहि उन्हाळा जमिनीखालीं काढतो आणि पावसांत वर येतो. परंतु त्याचा जबडा उघडून पाहिला, तर त्यांत दांत नाहींत. आपल्या खणक बेडकाच्या वरच्या जबड्यांत बारीक दांत असतात. युपरोडॉनचें कुल अगदींच निराळें, अरुंद तोंडाच्या बेडकांचें. म्हणजे एकाच मातींत, एकाच हत्यारानें काम करणारे हे दोघे परस्परांचे फार दूरचे नातलग आहेत.

हा जुना गोंधळ निस्तरण्याचें मोठें काम पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांतील आलँ द्युबुआ यांनीं केलें. १९८७ सालीं त्यांनीं आशियांतील खणक बेडूक आफ्रिकेंतल्यांपासून वेगळे काढले आणि ग्युंटर यांनीं दिलेलें ‘स्फेरोथेका’ हें जुनें नांव त्यांना परत दिलें. शास्त्राचा नियम असा आहे, कीं आधीं दिलेलें योग्य नांव उपलब्ध असतां नवें नांव देऊं नये. पुढें डीएनए, म्हणजे पेशींतील अनुवंशद्रव्य, वाचण्याची विद्या हातीं आली, आणि तिनेंहि हाच निवाडा दिला. आफ्रिकेंतला टोमोप्टेर्ना आफ्रिकेंतल्याच एका कुलांतला ठरला. मादागास्करचा बेडूक त्या बेटावरच्या निराळ्या कुलांत गेला, आणि त्या कुलाचे जवळचे आप्त म्हणजे आशियांतले झाडावर राहणारे बेडूक. आपला खणक बेडूक ‘डायक्रोग्लॉसिडी’ या कुलांत पडला. या नांवाचा अर्थ दुभंगलेल्या जिभेचे. आपल्या तळ्यांतला मोठा पिवळा-हिरवा बेडूक आणि पावसाळ्यांत चिखलाच्या कडेनें टुणटुण उड्या मारणारे लहान बेडूक हेहि त्याच कुलांतले. म्हणजे ज्याचे आप्त आम्ही शंभर वर्षें समुद्रापलीकडे शोधीत होतों, त्याचे खरे चुलतभाऊ शेजारच्या डबक्यांतच ओरडत होते.

इतक्या बदल्या झाल्या, तरी ‘ब्रेव्हिसेप्स’ हें श्नायडर यांनीं ठेवलेलें नांव मात्र सुटलें नाहीं. आडनांव राना, पिक्सिसेफॅलस, टोमोप्टेर्ना, स्फेरोथेका असें बदलत गेलें. स्वतःचें नांव तेंच राहिलें. शास्त्रीय ग्रंथांत या नांवापुढें श्नायडर हें नांव कंसांत लिहितात. त्या कंसाचा अर्थ इतकाच, कीं मूळ नांव देणाऱ्यानें या प्राण्याला दुसऱ्या प्रजातींत घातलें होतें. एका लहानशा कंसांत सारा इतिहास सांठविण्याची ही युक्ति आम्हां शाळामास्तरांना हेवा वाटावा अशी आहे.

घराणें निश्चित झालें, पण कथा तेथें संपली नाहीं. एका घरांत माणसें किती, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ वर्षें असा समज होता, कीं भारतांत व शेजारच्या देशांत सर्वत्र आढळणारा खणक बेडूक बहुतेक ठिकाणीं एकच, ब्रेव्हिसेप्स. मंगळूरचा डॉब्सनचा बेडूक १८८२ सालीं निराळा ओळखला गेला होता. बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनीं १९३७ सालीं कोडगूंतील एका बेडकाला ‘ल्युकोऱ्हिंकस’, म्हणजे पांढऱ्या नाकाडाचा, असें नांव दिलें होतें. १९८३ सालीं श्रीलंकेंतील एक जाति वेगळी काढण्यांत आली. परंतु खरी बारकाईची मोजणी सुरू झाली ती आतां अलीकडे. २०१७ सालीं पुण्याच्या संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं पश्चिम भारतांत ज्याला ब्रेव्हिसेप्स म्हणत आलों, त्यांत एक स्वतंत्र जाति दडलेली आहे. तिला त्यांनीं ‘पश्चिमा’ हें आपल्या ओळखीचें नांव दिलें. २०१९ सालीं झारखंडच्या पठारावरून ‘मगध’ ही जाति आली, २०२० सालीं बंगळूरच्या परिसरांतून ‘बेंगळुरू’ आली, आणि २०२४ सालीं त्याच शहरांतून आणखी एक आली. तिचें नांव ‘वर्षाभू’. हा शब्द नवा नाहीं; अमरकोशांत बेडकाच्या पर्यायांत मंडूक, भेक, दर्दुर यांच्या पंक्तीला तो शतकानुशतकें बसलेला आहे. पावसांत जन्मणारा तो वर्षाभू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत बेडकांवर एक संबंध सूक्त आहे. वर्षभर मौन धरून पहिल्या पावसांत बोलूं लागणारे म्हणून त्यांचें तेथें वर्णन येतें. आपल्या पूर्वजांनीं नीट पाहिलें होतें. आभाळांतून पडतात ही समजूत मागाहूनची असावी, असें मला वाटतें.

जाति वेगळी आहे हें ठरवितात कसें, असें कोणी विचारील. नुसत्या रंगावरून नव्हे, कारण एकाच डबक्यांतले दोन बेडूक रंगानें निराळे असूं शकतात. डोक्याची लांबी-रुंदी, नाकपुडीपासून डोळ्यापर्यंतचें अंतर, बोटांमधल्या पडद्याचा विस्तार, खुरप्याची लांबी हीं सारीं मोजमापें बारकाईनें घेतात. नराचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाहतात, कारण मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती मुख्यतः आवाजावरून. अनुवंशद्रव्याची तुलना करतात. आणि ज्या नमुन्यावरून नांव दिलें तो मूळ नमुना संग्रहालयांत जपून ठेवतात, म्हणजे शंका येईल त्यानें पुन्हां पडताळून पाहावें. नारायण रावांनीं वर्णिलेल्या पुष्कळ बेडकांचे मूळ नमुने पुढें नाहींसे झाले, आणि त्यामुळें नंतरच्या अभ्यासकांना फार अडचण सोसावी लागली. मूळ कागद हरवला म्हणजे वारसाचा दावा किती कठीण होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

येथवर ऐकून कोणी श्रोता म्हणेल, “मास्तर, हें सारें ठीक, पण बेडूक तो बेडूकच. त्याला पश्चिमा म्हणा कीं ब्रेव्हिसेप्स म्हणा, आमचें त्यांत काय अडतें?” हा आक्षेप मी हलका समजत नाहीं. त्याचें उत्तर असें आहे.

जगांतल्या प्राण्यांची स्थिति कशी आहे, याची एक तांबडी यादी आंतरराष्ट्रीय संस्था ठेवीत असते. तींत ब्रेव्हिसेप्सची नोंद ‘काळजीचें कारण नाहीं’ अशा सदरांत आहे, आणि त्याचें मुख्य कारण असें, कीं तो फार मोठ्या प्रदेशावर पसरलेला आहे असें मानलें गेलें. एका ठिकाणचा नष्ट झाला तरी दुसरीकडे आहेच, असा हा हिशेब. परंतु ज्याला आपण एक मानीत होतों ते चार-पांच निघाले, तर हिशेब बदलतो. मग प्रत्येकाचा मुलूख लहान. एका माळावरचा गेला, तर दुसरीकडे त्याचा भाऊ असेल. तो स्वतः नसेल. दहा मुलें एकाच नांवानें पटावर घातलीं, आणि त्यांतलीं नऊ शाळा सोडून गेलीं, तरी रोज ‘हजर’ असाच शेरा पडत राहील. नांवें वेगळीं करणें म्हणजे कोण गेलें तें कळण्याची सोय करणें होय.

आणि आपल्या मुलखांत जाण्याचीं कारणें उघड आहेत. या बेडकाला लागते भुसभुशीत जमीन, तिच्यावरचें गवत, आणि पावसाळ्यांत कांहीं आठवडे टिकणारें उथळ पाणी. या तिन्ही गोष्टी माळावर असतात. परंतु माळ म्हटला कीं आपल्या नोंदींत तो ‘पडीक’ ठरतो, आणि पडीक म्हणजे कशालाहि द्यावयास मोकळा. नान्नजच्या बाजूस माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, तेव्हां माळालाहि किंमत असते हें प्रथमच पुष्कळांच्या ध्यानांत आलें. आज तो पक्षी तेथें दिसणें दुर्मिळ झालें आहे. पक्षी मोठा होता, म्हणून त्याची अनुपस्थिति आपल्याला दिसली. दोन इंचांचा बेडूक गेला तर कोणाला दिसणार?

शहराच्या कडेला एका शाळेमागें एक सखल खळगा होता. पावसाळ्यांत त्यांत दीड-दोन महिने गुडघाभर पाणी राही, आणि आषाढांत तेथें रात्रीं कान बसतील इतका आवाज होई. पुढें मुरूम टाकून तो खळगा बुजविण्यांत आला. ज्यांनीं बुजविला त्यांना मी दोष देत नाहीं. पाण्यानें डांस होतात, मुलें घसरून पडतात, असें त्यांचें म्हणणें होतें आणि तें खोटें नव्हतें. परंतु त्याच्या पुढच्या वर्षीं पहिला पाऊस पडला, तेव्हां मुरमाच्या कडेला दहापांच बेडूक आले, रात्रभर ओरडले, आणि दुसऱ्या रात्रीं तेहि नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत तेथें आवाज ऐकूं आला नाहीं. हा बेडूक दूरवर स्थलांतर करणारा नव्हे. त्याचें डबकें आपण काढून घेतलें, कीं त्याची पुढची पिढीच आपण काढून घेतली.

तोटा केवळ त्याचा नाहीं. वाळवी, मुंग्या, भुंगेरे आणि पिकांवरचे नाना तऱ्हेचे किडे हें त्याचें अन्न. बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा मोठा व्यापार आपल्या देशांत एके काळीं चालत असे, आणि त्यांत मुख्यतः तळ्यांतल्या मोठ्या बेडकाचा बळी जाई. सरकारनें १९८७ सालीं ती निर्यात बंद केली. बेडूक कमी झाले तर शेतांतले किडे वाढतील, ही चिंता त्या बंदीमागें होती. शिवाय बेडूक हेंहि दुसऱ्यांचें अन्न आहे. साप, घुबडें, बगळे त्यांच्यावर जगतात. साखळींतली ही कडी लहान असली, तरी ती निसटली कीं साखळी तुटतेच.

मग आपण काय करावें? मोठ्या गोष्टी मी सांगत नाहीं. ज्यांच्या शेतांत किंवा आवारांत पावसाळी पाणी सांचण्याची एखादी सखल जागा आहे, त्यांनीं ती निदान आश्विनापर्यंत तशीच राहूं द्यावी. भैकेर स्वतः पाण्यांत असतांना त्यांत कीटकनाशक किंवा घांसलेट ओतूं नये. घरांतल्या शाळकरी मुलामुलींना एक साधी वही द्यावी : पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, बेडकांचा आवाज प्रथम कोणत्या रात्रीं ऐकला, डबकें केव्हां आटलें, तोंपर्यंत पिलांना पाय फुटले होते कीं नव्हते. एवढ्या चार गोष्टी दरसाल लिहून ठेवाव्यात. त्यासाठीं दुर्बीण नको, प्रयोगशाळा नको, आणि बेडकाला मारण्याची किंवा बरणींत कोंडण्याची तर मुळींच गरज नाहीं. दहा वर्षांची अशी वही एखाद्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांपुढें ठेवली, तर ते तिचा आदर करतील अशी माझी खात्री आहे. श्नायडर यांच्यापुढें एक सुकलेला नमुना होता; आपल्यापुढें जिवंत प्राणी आहे, आणि तोहि आपल्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

विहिरींतल्या बेडकाला आपण संकुचित बुद्धीचें प्रतीक मानून ‘कूपमंडूक’ असा शब्द केला आहे. परंतु ज्या जमिनीवर आपण जन्मलों, वाढलों, तिच्याखालीं हातभर अंतरावर कोण राहतें हें ज्याला माहीत नाहीं, त्यालाहि तो शब्द लागूं पडण्यासारखा आहे. आपल्या शेजाऱ्याचें नांव विचारणें ही साधी सभ्यता होय. सव्वादोनशें वर्षें विद्वानांनीं या शेजाऱ्याचें नांव शोधण्यांत घालविलीं. तें नांव सांपडल्यावर पटावरून त्याची हजेरी खोडण्याची पाळी येऊं नये, इतकें पाहणें आपल्या हातीं आहे.